पाच वाजताचा फोन

पोलीस पडताळणीसाठी हवालदार घरी आले, तेव्हा मी ओटीवर लॅपटॉप उघडून एका जिन्याचं ड्रॉइंग तपासत होते. त्यांनी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली, कपाळाचा घाम पुसला आणि कागद काढला.

"नोकरी कुठं करता, मॅडम?"

"घरूनच करते."

"म्हणजे ऑफिस कुठंय?"

"ऑफिस युरोपात आहे. मी इथून काम करते."

"मग आता तिकडं ऑफिसला जाणार?"

"नाही. ऑफिस एका देशात आहे, मी राहायला जाणार दुसऱ्या देशात. पोर्तुगालला."

"तिथं काय करणार?"

"हेच. घरून काम."

त्यांचं पेन थांबलं. चेष्टेचा भाव नव्हता, त्यांना खरंच समजून घ्यायचं होतं. "म्हणजे इथं घरात बसून करता तेच तिथं घरात बसून करणार. मग जायचं कशाला?"

तेवढ्यात बाबा चहा घेऊन आले. ट्रेमध्ये कप, कपावर उलटी बशी, बाजूला दोन बिस्किटं. ते म्हणाले, "तिला जायचंय, साहेब. लिवा तसं." हवालदारांनी लिहिलं आणि चहा प्यायले.

तो प्रश्न नंतर वर्षाहून जास्त माझ्याबरोबर राहिला.

आमचं गाव खालापूर तालुक्यात, चौकच्या थोडं पुढं. फाट्यावर उतरलं की वीस मिनिटं आत चालायचं. समोर माथेरानचा डोंगर. बाबा तिथं वर एका हॉटेलात आचारी होते. माझं सगळं लहानपण ते वर आणि आम्ही खाली असं गेलं. पंधरा दिवसांतून एकदा ते यायचे, एक रात्र राहायचे, सकाळी परत. पावसाळ्यात हॉटेल बंद व्हायचं, बाकीचे आचारी-वेटर घरी जायचे, पण बाबा तेव्हाही वरच. हॉटेलच्या राखणीला एक माणूस लागायचा आणि तो माणूस दरवर्षी तेच असायचे. आई म्हणायची, "त्यांना तिथंच बरं वाटतं." मी ते खरं धरून मोठी झाले. आई गेली तेव्हा मी कॉलेजात होते. त्यानंतर काही वर्षांनी बाबा कायमचे खाली आले, पण तोवर आम्हाला एकमेकांशी बोलायची सवयच उरलेली नव्हती. घरात ते एखाद्या नीटनेटक्या पाहुण्यासारखे राहायचे. माझ्या खोलीत यायचं असलं तर दार वाजवायचे. दार उघडं असलं तरीही.

मी ड्राफ्टिंग शिकले. नवी मुंबईत एका परदेशी आर्किटेक्ट कंपनीची शाखा होती, तिथं लागले. रोज गावाहून जाऊन-येऊन करायचे. लॉकडाऊनमध्ये ती शाखा बंद झाली ती झालीच; आम्हा सगळ्यांना सांगितलं की आता घरूनच काम करा. मी कधीही न पाहिलेल्या इमारतींचे जिने, दारं, आगीच्या वेळी बाहेर पडायच्या वाटा काढत बसायचे. गावात वीज गेली की लॅपटॉप पिशवीत घालून खालापूरला तहसील कचेरीसमोरच्या झेरॉक्सच्या दुकानात जाऊन बसायचे. दुकानदारानं माझ्यासाठी मागच्या बाजूला एक स्टूल ठेवलं होतं. सातबारा घ्यायला आलेली माणसं माझ्या पडद्याकडं वाकून बघायची आणि विचारायची, "हा कुणाचा बंगला?"

मला चाळिसावं लागलं होतं. लग्न झालं नव्हतं. आधी लोक विचारायचे, मग हळूहळू विचारायचे बंद झाले. ते बंद झालं तेव्हा मला सुटल्यासारखं वाटायला हवं होतं. पण एक दिवस माझ्या लक्षात आलं, की आता मला कुणीच काही विचारत नाही. सकाळी उठायचं, ओटीवर बसायचं, संध्याकाळी लॅपटॉप मिटायचा. स्वयंपाकघर ते ओटी चौदा पावलं. ती मी मोजली होती.

कंपनीतल्या एका सहकाऱ्यानं मीटिंगमध्ये सहज सांगितलं, की तो आता पोर्तुगालमध्ये राहतो, तिथं बाहेरच्या देशाची नोकरी करणाऱ्यांना राहायला देतात, त्याचा वेगळा व्हिसा आहे. मी त्याच दिवशी माहिती काढली. पगाराचा दाखला, घरभाड्याचा करार, पोलिसांचा दाखला, कागदांवर शिक्के. सहा महिने मी हे सगळं गोळा करत होते आणि बाबांना एका शब्दानं बोलले नव्हते. हवालदार येणार म्हणून शेवटी सांगावं लागलं.

बाबा तांदूळ निवडत होते. त्यांनी हात थांबवला नाही. "किती दिवस?"

"दोन वर्षांचं कार्ड मिळतं. पुढं बघू."

"जा की. मी बी वर होतोच तीस वर्सं."

ते त्यांनी धीर द्यायला म्हटलं असणार. मला मात्र ते टोचलं. वाटलं, यांना माणूस जवळ असलं काय, नसलं काय, सारखंच.

निघायच्या दिवशी त्यांनी माझी बॅग पुन्हा भरली. मी भरलेली सगळी बाहेर काढली आणि कपड्यांच्या गुंडाळ्या करून अशी बसवली, की वर एक वीतभर जागा उरली. त्या जागेत त्यांनी घरच्या वालाची पुरचुंडी घातली. फाट्यापर्यंत आले. गाडीत बसताना म्हणाले, "फोन करशील तो साधा कर. ते व्हिडिओ-बिडिओ नको. माझं थोबाड काय बघायचंय?"

पोर्तुगालमधलं माझं गाव समुद्रापासून लांब, एका नदीकाठी होतं. भाडं कमी म्हणून ते निवडलं. तिसऱ्या मजल्यावर एक खोली आणि तिला चिकटून स्वयंपाकघर. खिडकीतून समोरच्या घराची कौलं दिसायची, अगदी आमच्याकडच्यासारखी. पहिल्या दिवशी त्या कौलांकडं बघून मला आनंद झाला. महिन्याभरानं मी त्या खिडकीचा पडदा लावून घेतला.

त्या व्हिसाची एक अट असते. तुम्ही तिथं राहायचं, खर्च करायचा, कर भरायचा, पण तुमची नोकरी मात्र बाहेरच्याच देशातली हवी. अर्ज भरताना ती ओळ मी नुसती वाचून पुढं गेले होते. तिथं राहिल्यावर ती कळली. त्या गावातल्या एकाही माणसाला माझं काही काम नव्हतं. मी उशिरा उठले तर कुणाचं अडत नव्हतं, आजारी पडले तर कुणाची खुर्ची रिकामी दिसत नव्हती. माझे साहेब दुसऱ्या देशात, सोबतचे लोक चार वेगवेगळ्या देशांत. मी जागा बदलली हे मी मीटिंगमध्ये सांगितलं, तेव्हा सगळ्यांनी अभिनंदन केलं आणि मग एका इमारतीच्या तिसऱ्या मजल्यावरच्या दाराची रुंदी यावर बोलणं सुरू झालं. पडद्यावर माझ्यामागं पांढरी भिंत दिसायची. गावच्या घरीही पांढरीच होती.

एकदा सामान पोहोचवणाऱ्या माणसानं बेल वाजवली. मी दार उघडून त्याला "थँक यू" म्हणायला गेले तर आवाजच फुटला नाही. घसा खाकरून पुन्हा म्हटलं, तोवर तो जिना उतरून गेला होता. मी तिथंच उभी राहून आठवू लागले, की याआधी शेवटचं तोंडानं कधी बोलले होते. त्या आठवड्यात मीटिंग नव्हती. सगळं लिहूनच चाललं होतं. बाबांनाही दोन-दोन दिवस फोन करत नव्हते, कारण बोलायचं काय हा प्रश्न असायचा. म्हणजे तीन दिवस झाले होते.

त्या दिवशी मी जेवणाच्या सुट्टीत त्यांना फोन लावला. माझे साडेबारा, तिकडचे पाच.

"काय करताय?"

"ओटीवर बसलोय."

"जेवायला काय केलं होतं?"

हा प्रश्न मी दुसरा सुचला नाही म्हणून विचारला. पण बाबा एकदम मोकळे झाले. "आज भरली वांगी केलेली. लहान मिळाली, काटेरी. देठ ठेवायचं बरं का, काढायचं नाय. चार चिरा दे, पर खालपर्यंत नको." मग वाटण, मग तेल कधी सोडायचं, मग झाकणावर पाणी कशासाठी ठेवायचं. दहा मिनिटं ते बोलत होते. माझ्या आयुष्यात बाबा माझ्याशी सलग दहा मिनिटं पहिल्यांदा बोलले.

संध्याकाळी मी बाजारातून वांगी आणली. तिथली वांगी हातभर लांब, त्यांचे तुकडे केले आणि सांगितल्याप्रमाणे भाजी केली. दुसऱ्या दिवशी पाचला पुन्हा फोन केला. "आज काय केलंत?"

"डाळीचं वरण नि सुकटाची चटणी."

असा तो नेमच झाला. हिवाळ्यात तिथली घड्याळं तासभर मागं घेतात, तेव्हा मी साडेअकराला फोन करायचे, पण तिकडचे पाच चुकू द्यायचे नाही. ते दिवसाचं जेवण सांगायचे, मी संध्याकाळी तेच रांधायचे. आधी नुसतं जेवण होतं, मग त्यात माथेरान येऊ लागलं.

पावसाळ्यात ते वर एकटे काय करायचे हे मी कधी विचारलं नव्हतं. त्यांनीच सांगितलं. हॉटेलात सतरा खोल्या होत्या. धुकं खिडकीतून आत यायचं, गाद्यांना बुरशी धरायची, म्हणून रोज गाद्या उलटायच्या. नळ सोडून बघायचे. माकडं दारं वाजवायची. "चार-चार दिवस माणूस दिसायचा नाय. घोडेवालं सुदिक खाली गेलेलं. मग मी काय करायचो, चार वाजता चहा करायचो, ट्रेमदी ठेवायचो नि एका खोलीवर घेऊन जायचो. आज एक नंबर, उद्या दोन नंबर. दार वाजवायचो."

"आत कोण असायचं?"

"कोण असणार? कोण नाय. पर वाजवायचं. मग आत जाऊन खुर्चीत बसून मीच प्यायचा. सतरा दिवसांनी परत एक नंबर."

मी हसले. तेही हसले. फोन ठेवल्यावर मात्र मी बराच वेळ लॅपटॉपकडं वळले नाही.

एकदा त्यांनी विचारलं, "तिथं कुणाशी बोलतीस का नाय?"

मी म्हटलं, "हो, एक मैत्रीण झालीय. खालच्या मजल्यावरची." खालच्या मजल्यावर कुणीच राहत नव्हतं.

"बरं झालं," ते म्हणाले. "तरी पर एक सांगतो. रोज ठरल्या वेळेला घराबाहेर पड. काम असो नसो. नि एकाच वाटेनं जायचं. वाट बदलायची नाय. माणसं थोबाड ओळखाया लागतात. ओळखली की बोलतात."

मी तसं करून पाहिलं. रोज सहा वाजता बाहेर पडायचे, नदीच्या पुलापर्यंत जायचे आणि भाजीच्या एकाच दुकानात थांबायचे. दुकानात एक म्हातारी बसायची. तीन आठवडे ती माझ्याकडं बघायचीही नाही. एके दिवशी मला बटाटे हवे होते, तिथला शब्द आठवेना, आणि तोंडातून मराठीच निघालं, "बटाटा." तिनं बटाटे दिले. तिच्याही भाषेत तो बटाटाच. मग मी गंमत म्हणून कोबीकडं बोट करून "कोबी" म्हटलं. ती "कोव, कोव" म्हणत हसली. त्यानंतर मी दुकानात शिरले की ती लांबूनच "बटाटा!" अशी हाक मारायची. त्या गावात मला मिळालेलं हे एकमेव नाव. बाबांना सांगितलं तर त्यांनी ते फोनवर दोनदा म्हणवून घेतलं.

पण या ओळखीपलीकडं काही गेलं नाही. रविवारी दुकान बंद असायचं. रविवारी पुलावर सगळी कुटुंबं फिरायला यायची, आजी-आजोबा, बाळं, कुत्री, आणि मी त्यांच्यामधून जायचे-यायचे. कुणी वाईट वागलं असं एकदाही झालं नाही. वाट द्यायला सगळे बाजूला सरकायचे.

मग एकदा मे महिन्यात, पाच वाजता, बाबा म्हणाले, "तुला एक बोलायचं राहिलं. तू चवथीत व्हतीस."

पावसाळ्याचे दिवस होते. त्यांना वर राहवेना. सकाळी हॉटेलला कुलूप लावलं आणि चौकच्या बाजूला उतरणाऱ्या पायवाटेनं ते खाली आले. वाट निसरडी, दोनदा पडले. गावात पोहोचले तेव्हा शाळा भरत होती. कंपाउंडच्या बाहेर उभे राहिले. आम्ही पोरं व्हरांड्यात रांगेत उभी होतो. "तुझ्या वेणीची एक रिबिन सुटलेली. तुझं ध्यान नव्हतं."

"मग हाक का नाही मारलीत?"

"मारली असती तर परत गेलो असतो का गं मी? हॉटेल तसंच टाकून आलेलो. नोकरी गेली असती. तसाच मागं फिरलो. घराकडं बी गेलो नाय. तुझ्या आयेला बी बोललो नाय कधी."

मग ते म्हणाले, "असू दे. जेव तू. थंड झालं असंल."

मी तीस वर्षं त्यांच्यावरचा राग मनात धरून होते, तो त्या दिवशी माझ्या हातातून निसटला. त्या जागी लगेच आनंद आला असं नाही. नुसती पोकळी आली. एवढी वर्षं घरात आम्ही दोघंच होतो आणि हे त्यांनी मला सांगितलं ते समुद्रापलीकडून.

वर्ष झालं, भातकापणीच्या सुमाराला मी तीन आठवड्यांसाठी घरी आले. येतेय एवढंच बाबांना सांगितलं होतं, दिवस सांगितला नव्हता. उगाच धावपळ करतील म्हणून. विमानतळावरून टॅक्सी केली. एक्स्प्रेस वेवरून उतरून फाट्याकडं वळलो तेव्हा पाचच वाजत होते. मी फोन लावला. म्हणणार होते, दार उघडा, मी आलेच.

त्यांनी उचलला. "बोल गं."

"काय करताय?"

"ओटीवर बसलोय."

आणि तेव्हाच मला ते दिसले. फाट्यावरच्या चहाच्या टपरीच्या बाकावर, फोन कानाला लावून. मांडीवर वर्तमानपत्राच्या तुकड्यात अर्धा वडापाव. बाजूनं एसटी गेली, तिचा हॉर्न मला फोनमधून आणि बाहेरून असा दोनदा ऐकू आला. तो हॉर्न मी वर्षभर ऐकत होते. मला वाटायचं, लांबचा आवाज संध्याकाळी ओटीपर्यंत येतो.

मी ड्रायव्हरला हातानं पुढं चला म्हटलं. टपरी मागं गेली.

"आज काय केलंत?"

"आज वालाचं बिरडं," बाबा म्हणाले. "कालच मोड काढलेले. सोलायला तास गेला बघ. कांदा बारीक चिरून घेतला, नि शेवटाला गुळाचा खडा, नि खोबरं. ऐकतीस ना?"

"ऐकतेय," मी म्हटलं.

घराला कुलूप होतं. माझ्याकडच्या किल्लीनं उघडलं. स्वयंपाकघर स्वच्छ होतं, हॉटेलातल्यासारखं. भांडी ओळीनं पालथी. डाळीच्या डब्याचं झाकण काढलं तर आत जाळी धरलेली, पोरकिडे. वाटणाचा दगड कोरडा. गॅसची टाकी हलवून पाहिली. मी निघायच्या आदल्या दिवशी लावलेली टाकी होती, निळ्या खडूनं मी तिच्यावर खूण केली होती. वर्षभरात तिच्यावर चहापलीकडं काही झालं नव्हतं.

शेजारच्या काकी मला बघून आल्या. त्या मला लहानपणापासून ओळखतात. मी विचारायच्या आधीच म्हणाल्या, "मी किती येळा बोलली, एकट्यापुरतं कशाला करताव, आमच्याकडं या जेवाया. नाय आलं. दुपारी तीनला निघतात, फाट्यावर जाऊन बसतात, सहा-साडेसहाला येतात. पाऊस असो, ऊन असो. टपरीवालीला बोलले, पोरीचा फोन येतो, इथं रेंज बरी हाय. आमच्या घरात काय रेंज नाय व्हय?"

मी ओटीवर बसले. ठरल्या वेळेला घराबाहेर पड, काम असो नसो. एकाच वाटेनं जा. माणसं ओळखाया लागतात. ते मला माथेरानचं सांगत नव्हते. त्या महिन्यातलं, त्या आठवड्यातलं सांगत होते. आणि मी तिकडं, त्यांनी न केलेल्या भाज्या रोज रांधून जेवत होते.

बाबा साडेसहाला आले. मला बघून दारातच थांबले. त्यांच्या चेहऱ्यावर आधी आनंद आला आणि मग नजर स्वयंपाकघराकडं गेली. झाकण काढलेला डबा तिथंच होता.

"कधी आलीस?"

"पाच वाजता. फाट्यावरून."

ते चप्पल काढत राहिले. एवढा वेळ चप्पल काढायला लागत नाही.

"बाबा, खोटं कशाला सांगायचं?"

"खोटं काय? मनात करायचो मी. सगळं करायचो. मीठ सुदिक घालायचो." मग माझ्याकडं न बघता म्हणाले, "तू रोज इचारायचीस. काय नाय केलं म्हटलं असतं तर फोन दोन मिन्टात संपला असता."

मला रागवायचं होतं. त्याऐवजी मी म्हटलं, "खालच्या मजल्यावर मैत्रीण नाही माझी कुणी. तिथं कुणीच राहत नाही."

"म्हायती हाय," बाबा म्हणाले. "मैत्रीण असती तर तू रोज पाचला फोन केला असतास का?"

त्या संध्याकाळी आम्ही डाळ टाकून दिली, डबे धुऊन पालथे घातले आणि काकींकडून तांदूळ-डाळ आणून खिचडी केली. मी फोडणी दिली, ते मागं उभे राहून हळद जास्त झाली म्हणाले.

तीन आठवड्यांनी मी परत गेले. घराचा करार संपायला चार महिने होते. ते चार महिने मी काढले. तिथून निघताना भाजीवाल्या म्हातारीला सांगायला गेले, तिला काय कळलं ते माहीत नाही. तिनं मला एक कोबी दिला, पैसे घेतले नाहीत. विमानात कोबी कसा नेणार, म्हणून तो मी त्याच दिवशी शिजवून जेवले. कार्डाची अजून बरीच मुदत बाकी होती. ते कपाटात ठेवलंय.

महाशिवरात्रीच्या आसपास मी घरी आले, ती आता इथंच आहे. लोकांना वाटतं, जमलं नाही म्हणून परत आली. तेही पूर्ण खोटं नाही. बाबा रोज दोन वेळा स्वयंपाक करतात, आणि त्यांच्या हाताला अजून हॉटेलची चव आहे. मी ओटीवर जिने काढत बसते. ते आत असतात. चार वाजता चहा येतो, ट्रेमध्ये, कपावर बशी. खोलीत असले तर दार वाजतं. मी "या ना बाबा, बसा" म्हणते. "तुझं काम चालू दे," म्हणतात आणि जातात.

म्हणजे आम्ही पुन्हा गप्प झालोय. मला वाटलं होतं, आता रोज समोर बसून माथेरानच्या गोष्टी ऐकेन. एकदा जेवताना मुद्दाम विषय काढला, सतरा खोल्यांचा. ते म्हणाले, "ते काय आता," आणि ताक वाढलं. समोरासमोर त्यांना जमत नाही. मलाही नाही. घरात दोन माणसं आहेत, दोघंही एकमेकांसाठी थांबलेली आहेत, आणि तरी कधीकधी दुपारी घर इतकं शांत असतं की मला तिसऱ्या मजल्यावरची ती खोली आठवते.

गेल्या महिन्यात चष्म्याचा नंबर बदलला म्हणून मी कर्जतला गेले होते. दुकानदार म्हणाला, काच बसवायला तास लागेल. मी दुकानाबाहेरच्या बाकावर बसले. घड्याळात पाच वाजायला आले होते. येताना काही आणायचंय का विचारावं म्हणून घरी फोन लावला.

"कोथिंबीर आण," बाबा म्हणाले. "नि लिंबं."

"बरं. काय करताय?"

"ओटीवर बसलोय." मग स्वतःच म्हणाले, "खरंच बसलोय."

मला हसू आलं. मी ठेवणार तेवढ्यात ते म्हणाले, "वर एक पारशी बाई यायची बघ दरवर्सी. तिचं एक कुत्रं व्हतं. तुला बोललो का मी तिचं?"

"नाही," मी म्हटलं.

आणि ते बोलू लागले. बाई कशी होती, कुत्र्याला हातरिक्षात घालून कशी आणायची, त्या कुत्र्याला मटणाचं पाणी लागायचं ते बाबा कसे वेगळं काढून ठेवायचे, आणि एका वर्षी बाई आली ती कुत्र्याशिवाय, तरी बाबांनी सवयीनं पाणी काढून ठेवलं आणि ते बघून ती कशी रडली. चष्म्याच्या दुकानातल्या माणसानं आतून चष्मा दाखवून तयार झाल्याची खूण केली. मी त्याला हातानंच थांबा म्हटलं.